उजव्या हाताचा इतिहास

वाद्यांचा इतिहास लिहिणाऱ्याच्या हाती प्रथम लागतात त्या वस्तू. जुनी वाद्ये संग्रहालयांतून जतन केलेली असतात. कारखानदारांच्या किंमतपत्रिका मिळतात. कोणत्या यांत्रिक युक्तीचे पेटंट कोणाच्या नावे कोणत्या साली नोंदले गेले, याचे कागद सरकारी दप्तरांत सापडतात. ज्याची नोंद झाली ते घडले आणि ज्याची झाली नाही ते घडलेच नाही, असा दप्तराचा न्याय असतो, आणि इतिहासलेखनही नकळत त्याच न्यायाने चालते. वाजविणाऱ्याचा हात मात्र मागे काही ठेवीत नाही. तार छेडली गेली, नाद उमटला आणि विरला, की हाताने काय केले याचा पुरावा त्याच क्षणी नाहीसा होतो. त्यामुळे वाद्यात झालेले फेरफार तारीखवार सांगता येतात. त्या फेरफारांना तोंड देताना वादकाच्या बोटांनी ज्या नव्या सवयी अंगी बाणविल्या, त्यांचा उल्लेख एखाद्या ओळीत उरकला जातो.

अमेरिकेतील पेडल स्टील गिटार हे वाद्य या दुर्लक्षाचे ठळक उदाहरण आहे. त्याचा इतिहास म्हणून जे सांगितले जाते, तो बहुतांशी पेडलांचा, दांड्यांचा आणि तारांच्या जुळणीचा इतिहास असतो. हे वाद्य चार पायांवर उभ्या असलेल्या अरुंद मेजासारखे दिसते. वादक त्यासमोर बसतो. प्रत्येक पट्टीवर सामान्यतः दहा तारा असतात, आणि पुष्कळ वाद्यांना अशा दोन पट्ट्या असतात. पडद्यांच्या जागी केवळ रंगविलेल्या रेघा असतात. तार त्यांवर दाबली जात नाही. डाव्या हातातील पोलादी कांडी तारांवर अलगद टेकून सरकविली जाते. डावा पाय पेडले दाबतो, दोन्ही गुडघे खालचे दांडे ढकलतात, उजवा पाय आवाज लहानमोठा करणाऱ्या पेडलावर असतो. पेडल किंवा दांडा हलला की ठरावीक तारा ठरावीक अंतराने चढतात वा उतरतात. या सगळ्या यंत्रसामग्रीकडे पाहणाऱ्याचे लक्ष वेधले जाते, यात नवल नाही. परंतु या यंत्रातून स्वरसंघ, म्हणजे पाश्चात्त्य संगीतातील ‘कॉर्ड’, निघतो की नुसता कल्लोळ, हे ठरविणारा उजवा हात एका बाजूला आपले काम मुकाट्याने करीत असतो. त्याच्या कामगिरीचा मागोवा घेणे हा या लेखाचा उद्देश आहे.

स्वरसंघाची कल्पना आपल्या परिभाषेत सांगावयाची तर षड्ज, गंधार आणि पंचम हे तीन स्वर एकाच वेळी वाजले की एक पूर्ण स्वरसंघ झाला. आपल्या रागसंगीतात स्वर एकामागून एक येतात आणि त्यांच्यामागे तंबोऱ्याचा अखंड नाद असतो. पाश्चात्त्य गीतात मात्र चालीच्या खालून असे स्वरसंघ पायऱ्यांप्रमाणे बदलत जातात. एक पायरी संपून दुसरी सुरू झाली, हे कानाला स्वच्छ कळावे लागते. कांडी सरकवून वाजवावयाच्या वाद्यात नेमकी हीच गोष्ट अवघड असते. पुढील सारा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

हवाई बेटांत गिटार पोहोचली ती १८३० च्या सुमारास, गुरे राखण्याच्या कामासाठी आलेल्या मेक्सिकन घोडेस्वारांबरोबर. तेथील लोकांनी तिच्या काही तारा सैल करून तिला निराळ्या जुळणीत लावले, जेणेकरून एकही तार न दाबता छेडले असता स्वरसंघ निघावा. अंगठा खर्जाच्या तारांवर ठेका धरी आणि बोटे वरच्या तारांवर चाल वाजवीत. उजव्या हाताची ही विभागणी पुढे आलेल्या सर्व प्रकारांचा पाया ठरली. यानंतर तारांवर धातूची वस्तू सरकविण्याची पद्धत आली. तिचे श्रेय सामान्यतः ओआहू बेटावरील लाइए येथे १८७४ मध्ये जन्मलेल्या जोसेफ केकुकू यांना दिले जाते. तथापि त्याच काळात होनोलुलूत वाजविणाऱ्या गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या तरुणाचेही नाव या संदर्भात घेतले जाते, आणि तो हिंदुस्थानात जन्मलेला होता असे सांगतात. विचित्रवीणेवर गोटा फिरविणाऱ्या देशातील वाचकाला ही हकिकत कुतूहलाची वाटेल. परंतु तिच्यावर मोठा इमला उभारण्याइतका आधार नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, या आरंभीच्या काळात उजव्या हाताला फारशी चिंता नव्हती. सरळ कांडी सर्व तारांवर आडवी ठेवली की जुळणीतला स्वरसंघ जसाच्या तसा वर किंवा खाली सरके. कोणतीही तार छेडली तरी ती त्याच स्वरसंघातील असे. चुकून शेजारची तार वाजली तरी बिघडत नसे. वाद्य लाकडी असल्याने नादही लवकर ओसरे. अडचण येई ती निराळ्या जातीचा स्वरसंघ हवा असेल तेव्हा. मग वादक कांडी तिरपी धरी. तिरपी कांडी दोन किंवा फार तर तीन तारांवरच सुरात बसते. बाकीच्या तारा बेसूर होतात. तेव्हा त्या दोन तारा तेवढ्या उचलून बाकीच्या टाळणे हे उजव्या हाताचे काम झाले. अमुक तारा वाजवावयाच्या नाहीत, ही शिस्त येथे प्रथम जन्मास आली.

१९१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनातील हवाई दालनाने या वादनाची गोडी अमेरिकेच्या मुख्य भूमीला लावली. पुढील दोन दशकांत गावोगाव हवाई गिटारचे वर्ग निघाले. क्लीव्हलंडच्या ओआहू प्रकाशन संस्थेसारख्या संस्थांनी छापील पाठ घरोघर पोहोचविले. या पाठांत कांडी कोणत्या रेघेवर ठेवावी आणि कोणती तार छेडावी हे लिहिलेले असे. छेडलेली तार केव्हा आणि कशी थांबवावी हे कागदावर उतरविणे अर्थातच कठीण होते. लेखी परंपरेतील ही पोकळी आरंभापासूनच होती.

१९३२ मध्ये बाजारात आलेल्या विजेच्या हवाई गिटारने प्रश्नाचे रूप पालटले. जॉर्ज बोशाँ यांनी रचलेल्या आणि रिकनबॅकर या नावाशी निगडित झालेल्या त्या ॲल्युमिनियमच्या वाद्याला त्याच्या आकारामुळे लोक ‘तळण्याचा तवा’ म्हणत. त्याचे पेटंट १९३७ मध्ये मंजूर झाले. १९३५ मध्ये टेक्ससच्या बॉब डन यांनी विजेच्या स्टील गिटारचे ध्वनिमुद्रण केले, आणि १९३६ मध्ये लिऑन मॅकॉलिफ यांच्या ‘स्टील गिटार रॅग’ने ते वाद्य घरोघरी पोहोचविले. विजेमुळे आवाज मोठा झाला, तसाच तो लांबही झाला. छेडलेली तार पूर्वी आपोआप विझे. आता ती वाजत राहू लागली. नाद टिकणे हा एरवी गुणच. पण स्वरसंघ बदलताना तोच दोष ठरू लागला. तिसऱ्या रेघेवरचा स्वरसंघ वाजत असतानाच कांडी आठव्या रेघेकडे निघाली, तर मधल्या साऱ्या स्वरांवरून तीन तारांची एक घसरगुंडी ऐकू येते. आपल्याकडे मींड हे वादनाचे भूषण आहे. परंतु नको असलेली मींड, आणि तीही तीन तारांची एकदम, म्हणजे घसरून पडणेच होय. तेव्हा कांडी हलण्यापूर्वी तारा मुक्या कराव्या लागतात. डावा हात कांडीत गुंतलेला. त्याची मागची बोटे कांडीच्या पलीकडचा खळखळाट तेवढा दाबू शकतात. मुख्य काम उजव्या हाताकडेच आले.

याच सुमारास तारांच्या जुळणीतही मोठा बदल झाला. ओहायोतील जेरी बर्ड यांच्या वादनाने लोकप्रिय केलेल्या सी-सिक्स्थ जुळणीत षड्ज, गंधार, पंचम यांच्याबरोबर धैवतही बसविलेला असतो. याचा परिणाम सूक्ष्म पण दूरगामी होता. कांडी एकाच रेघेवर असताना पंचम, षड्ज, गंधार या तारा उचलल्या तर एका जातीचा, प्रसन्न असा स्वरसंघ निघतो. पंचम सोडून धैवत, षड्ज, गंधार उचलल्या तर दुसऱ्या जातीचा, काहीसा करुण निघतो. आणि चारही वाजविल्या तर दोहोंचे मिश्रण होते. पूर्वी स्वरसंघ कोणता हे डावा हात ठरवीत असे. आता डावा हात केवळ जागा ठरवू लागला आणि त्या जागेवरचा स्वरसंघ उजवा हात निवडू लागला. वाद्याच्या बाह्यरूपात दिसण्यासारखा बदल काहीच नव्हता. कदाचित म्हणूनच वाद्याच्या इतिहासांत या स्थित्यंतराला स्वतंत्र प्रकरण मिळालेले नाही.

तरीही सर्व प्रकारचे स्वरसंघ एका जुळणीत मिळत नव्हते. म्हणून एकाच वाद्यावर दोन, तीन, चार पट्ट्या बसवून प्रत्येक पट्टी निराळ्या जुळणीत लावण्याची प्रथा पडली. दुसरा उपाय पेडलांचा. १९४० च्या सुमारास गिब्सन कंपनीचे ‘इलेक्ट्राहार्प’ आले. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातील पॉल बिग्स्बी यांनी स्पीडी वेस्ट यांच्यासाठी पेडलांचे वाद्य बांधले. पण या काळात पेडलाचा उपयोग प्रायः एक जुळणी सोडून दुसरी घेण्यासाठी होई. पेडल दाबावे, मग छेडावे, असा क्रम होता. तारा वाजत असताना पेडल दाबणे हे जणू चालत्या नावेत नाव बदलण्यासारखे मानले जाई.

तो संकोच बड आयझॅक्स यांनी मोडला. वेब पिअर्स या गायकाचे ‘स्लोली’ हे गीत १९५३ च्या अखेरीस ध्वनिमुद्रित झाले आणि १९५४ मध्ये अमेरिकाभर गाजले. त्यात आयझॅक्स यांनी आधी तारा छेडल्या आणि त्या वाजत असताना पेडल दाबले. एक स्वर जागच्या जागी स्थिर राहिला आणि त्याच्या शेजारचे दोन स्वर वर चढत जाऊन नव्या स्वरसंघात स्थिरावले. कांडीने असा परिणाम साधत नाही, कारण कांडी सर्व तारांना बरोबरीने ओढून नेते. हा ध्वनी ऐकून अनेक वादकांनी आपापल्या वाद्यांना पेडले जोडून घेतली. पेडल स्टील गिटारच्या इतिहासात हे गीत मैलाचा दगड मानले जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र येथे उजव्या हाताने काय केले याकडेही पाहिले पाहिजे. त्याने नेमक्या हव्या त्या तारा एकाच क्षणी, सारख्या जोराने उचलल्या आणि तो स्वस्थ राहिला. एखादी जादा तार छेडली गेली असती तर त्या चढत्या स्वरांत तिचा खडा लागला असता. आणि हात लगेच तारांवर परतला असता तर चढण ऐकूच आली नसती. येथून पुढे उजव्या हाताला दोन विरुद्ध गोष्टी साधाव्या लागल्या: पेडलाची मींड ऐकू द्यावयाची आणि कांडीची नको ती मींड ऐकू द्यावयाची नाही. एकाच गीतात, कित्येकदा एकाच मात्रेत, हा निवाडा करावा लागतो.

या वाद्याला पुढे जे स्थिर रूप आले त्यात बडी एमन्स यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. इंडियानातील मिशवाका येथे १९३७ मध्ये त्यांचा जन्म झाला. अकराव्या वर्षी वडिलांनी त्यांना सहा तारांची साधी स्टील गिटार आणून दिली आणि साउथ बेंड येथील हवाई संगीताच्या शाळेत घातले. म्हणजे त्यांच्या हाताचे पहिले वळण जुन्या हवाई परंपरेतले होते. आयझॅक्स यांच्या एका पेडलाने जे दोन स्वर एकदम चढत, ते एमन्स यांनी दोन पेडलांत विभागले. १९५७ च्या सुमारास त्यांनी शॉट जॅक्सन यांच्याबरोबर ‘शो-बड’ हा वाद्यांचा उद्योग सुरू केला, आणि १९६३ मध्ये स्वतःच्या नावाची कंपनी काढली. १९६२ मध्ये त्यांनी ई-नाइन्थ जुळणीत दोन नव्या तारांची भर घातली. ती जुळणी नॅशव्हिलची जुळणी म्हणून सर्वमान्य झाली.

ही जुळणी षड्ज-भाषेत मांडली म्हणजे उजव्या हातावर काय प्रसंग आला ते कळते. वादकापासून सर्वांत दूरची तार पहिली. पहिली ते दहावी असा क्रम घेतला तर तारा अशा लागतात: रिषभ, शुद्ध निषाद, गंधार, षड्ज, पंचम, गंधार, रिषभ, षड्ज, कोमल निषाद, पंचम. यांतील सर्वांत उंच स्वर तिसऱ्या तारेचा आहे. तिच्यापलीकडील दोन तारा तिच्याहून खालच्या आहेत. म्हणजे हात बाहेर जाईल तसा स्वर चढेल, ही वाद्यातील सहज अपेक्षा येथे मोडलेली आहे. शिवाय सातवी आणि नववी या तारा मूळ स्वरसंघाबाहेरच्या असून त्या स्वरसंघाच्या तारांमध्येच बसविलेल्या आहेत. जुन्या हवाई वादकाप्रमाणे अंगठा सरसकट फिरविला तर सुंदर स्वरसंघाऐवजी गोंगाट निघेल.

यावर वादकांच्या हातांनी उत्तर काढले, त्याला ते ‘ग्रिप’ म्हणतात. आपण ‘पकड’ म्हणू. अंगठ्यात एक नखी, तर्जनी आणि मध्यमेत एकेक नखी. अंगठ्याची बहुधा प्लॅस्टिकची, बोटांच्या धातूच्या. सतारीची मिजराब बोटाच्या टोकावर बसते, तशा या नख्या बोटाच्या गादीकडून वळून येतात. तीन नख्या तीन तारांवर टेकतात आणि अंगठा व बोटे एकमेकांकडे येत, चिमूट मिटावी तशा रीतीने, तिन्ही तारा एकदम सोडतात. मुख्य पकडी चार आहेत: पाच-चार-तीन, सहा-पाच-चार, आठ-सहा-पाच आणि दहा-आठ-सहा. पहिल्या दोन पकडींत बोटे शेजारशेजारच्या तारांवर असतात. तिसरीत अंगठा सातवी तार ओलांडून आठवीवर जातो. चौथीत तर दोन्ही अंतरांत एकेक तार टाळावी लागते. ही ताणलेली आणि आवळलेली चिमूट वादकाला न पाहता, डोळे कांडीवर असताना, अचूक घेता आली पाहिजे.

एकदा पकड बसली की पेडलांची खरी किमया सुरू होते. पाच-चार-तीन या पकडीत पंचम, षड्ज, गंधार वाजतात. डाव्या पायाने पहिली दोन पेडले दाबली की पंचम धैवतावर आणि गंधार मध्यमावर जातो. षड्ज स्थिर राहतो. कांडी हललेली नाही, पकड बदललेली नाही, तरी षड्जाचा स्वरसंघ जाऊन मध्यमाचा आला. गुडघ्याच्या दांड्याने षड्ज निषादावर उतरविला तर गंधार, पंचम, निषाद असा तिसराच स्वरसंघ उभा राहतो. बोटे त्याच तीन तारांवर राहून गाण्याच्या साऱ्या पायऱ्या वाजवू शकतात. पाहणाऱ्याला हात काहीच करीत नाही असे वाटते. परंतु या तीन तारांची जाडी सारखी नाही. तिसरी तार सामान्यतः ०.०११ इंच जाडीची, केसासारखी बारीक. खालच्या तारा गुंडाळलेल्या आणि जाड, दहावी तर तिच्या तिपटीहून अधिक. अंगठ्याला स्वभावतः जोर अधिक. तरीही तिन्ही स्वर तोलून यावेत आणि वरचा, जो बहुधा चालीचा स्वर असतो, तो किंचित पुढे यावा, हे बोटांनी वर्षानुवर्षे शिकावे लागते.

आता स्वरसंघ थांबविण्याविषयी. याच्या दोन पद्धती रूढ झाल्या. पहिली तळहाताची. छेडून होताच हाताची करंगळीकडील कड तारांवर अलगद उतरते आणि सर्व तारा एकदम मुक्या होतात. बोटे तारा उचलतात त्याच हालचालीच्या उत्तरार्धात कड खाली येते. छेडणे आणि मिटविणे या दोन क्रिया न राहता एकाच श्वासाचे दोन भाग होतात. काही वादक अनामिका व करंगळी आत वळवून ठेवतात, काही सरळ धरतात. प्रत्येकाची ठेवण निराळी. हाताच्या या कडेची तारांशी ओळख हवाई काळापासूनची आहे. कांडीपासून बारा रेघांच्या अंतरावर तीच कड तारेला निसटता स्पर्श करते आणि अंगठा छेडतो, तेव्हा घंटेसारखा वरच्या सप्तकातील नाद निघतो. हवाई वादकांचा तो आवडता अलंकार होता. स्पर्श किंचित दाट केला की नाद थांबतो, विरळ केला की घंटा वाजते. दोन्ही विद्या एकाच कातडीत वसतात.

दुसरी पद्धत नखीची. जी तार वाजत आहे तिच्यावर नखी परत येऊन टेकते आणि तिला थांबविते, त्याच क्षणी दुसरे बोट दुसरी तार सोडते. एकेक स्वराच्या जलद ताना घेताना ही पद्धत फार उपयोगी पडते, कारण तळहाताची कड इतक्या वेगाने वरखाली होऊ शकत नाही. या दोहोंत श्रेष्ठ कोणती यावर वादकांत मतभेद आहेत. पूर्ण स्वरसंघ सोडून पूर्ण स्वरसंघ घेताना तीनही तारा एकदम मिटविणारी कड सोयीची, आणि तोच स्वरसंघ एकेका तारेने उलगडून मांडताना नखी सोयीची. त्यामुळे उत्तम वादकांच्या हातात दोहोंचे मिश्रण आढळते, आणि कोठे एक संपून दुसरी सुरू झाली हे त्यांना स्वतःलाही सांगता येईलच असे नाही.

याच देशातील, याच संगीतातील बँजो या वाद्याशी तुलना केली तर मुद्दा अधिक स्पष्ट होतो. १९४५ नंतर अर्ल स्क्रग्ज यांनी प्रसिद्धीस आणलेल्या बँजोवादनातही अंगठा आणि दोन बोटे, आणि तशाच नख्या असतात. परंतु बँजोचा नाद चामड्यावर उमटतो आणि लगेच विझतो. म्हणून त्या वादकाची बोटे पोकळी राहू नये यासाठी अखंड धावत असतात. पेडल स्टीलचा नाद संपता संपत नाही. म्हणून या वादकाची बोटे पोकळी निर्माण करण्यासाठी झटतात. अवजारे तीच, कर्म नेमके उलटे. हा फरक नख्या पाहून कळणार नाही.

नॅशव्हिलच्या गीतांत या विद्येची फळे ऐकू येतात. लॉइड ग्रीन यांच्या वादनातील स्वच्छ, तुटक स्वरसंघ हे त्यांच्या थोपविण्याच्या कौशल्याचेच फळ होय. बर्ड्‌स या मंडळींच्या १९६८ च्या ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ या तबकडीत ते वाजवीत होते. याउलट कर्ली चॉकर यांची कीर्ती सी-सिक्स्थ पट्टीवरील भरदार, चार-पाच स्वरांच्या संघांसाठी होती. अशा संघांना तीन नख्या पुरत नाहीत, म्हणून अंगठा तारांवरून फिरवावा लागतो किंवा अनामिकेलाही कामाला लावावे लागते. एमन्स यांनी १९६३ मध्ये ‘स्टील गिटार जॅझ’ ही तबकडी काढून हे वाद्य केवळ ग्रामीण गीतांचे नाही हे दाखवून दिले. आणि नॅशव्हिलपासून दूर, कृष्णवर्णीयांच्या ‘हाउस ऑफ गॉड’ या चर्चपरंपरेत, १९३० च्या दशकापासून स्टील गिटार उपासनेचे प्रमुख वाद्य होऊन बसली होती. विली ईसन यांच्यासारख्या वादकांनी एका तारेवर मानवी गळ्याचे अनुकरण केले. पुढे तेथेही पेडलांची वाद्ये आली. त्या वादनाकडे बाहेरच्या जगाचे लक्ष गेले ते १९९० च्या दशकात ध्वनिमुद्रिका निघाल्यावर. साठ वर्षे एक संपूर्ण परंपरा नोंदीवाचून जिवंत होती, ही गोष्ट आपल्या मूळ मुद्द्याला पुष्टीच देते.

हवाई गिटारची एक शाखा आपल्या देशातही रुजली. सामोआत जन्मलेले टाऊ मो आपल्या कुटुंबासह १९४० च्या दशकात कलकत्त्यास राहिले आणि त्यांच्यामुळे तेथे या वाद्याला मोठा आश्रय मिळाला. बंगालमध्ये सुनील गांगुली यांच्यासारखे वादक झाले, आणि मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हॅन शिप्ले यांनी विजेच्या हवाई गिटारवर गीतांच्या चाली वाजवून नाव मिळविले. ब्रिजभूषण काब्रा यांनी ते वाद्य रागसंगीतात आणले. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या तबकडीत संतूर आणि बासरीबरोबर त्यांची गिटार ऐकू येते. विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेला १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. येथे डाव्या हातातील कांडी तीच, उजव्या हातातील नख्याही जवळपास त्याच. पण आपल्या वादकाला स्वरसंघ नको होता; त्याला एक तार गाती हवी होती आणि बाकीच्या तारांवर षड्जाचा आधार आणि चिकारीचा झंकार हवा होता. म्हणून येथे उजवा हात मिटविण्यापेक्षा झंकारण्यास शिकला. एकाच वाद्याच्या दोन घराण्यांतील अंतर पाहावयाचे असेल तर ते उजव्या हातात पाहावे.

हाताच्या या विद्येचा लेखी आधार फार उशिरा तयार झाला. १९७५ मध्ये विनी विन्स्टन आणि बिल कीथ यांचे पेडल स्टीलवरील विस्तृत पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले. यांतील कीथ हे स्वतः नामांकित बँजोवादक होते. ‘स्लोली’ गाजल्याला तोवर एकवीस वर्षे लोटली होती. मधल्या काळात ही विद्या पसरली ती कार्यक्रमाच्या वेळी वादकाच्या बाजूला उभे राहून, तबकडी पुनःपुन्हा लावून, एकमेकांच्या हाताकडे पाहून. तबकडीवरून कांडीची जागा ओळखता येते, पेडलाची हालचालही जाणकाराला उमगते. तार तळव्याने थांबली की नखीने, हे मात्र ऐकून खात्रीने सांगता येत नाही. म्हणून ज्या वादकांचे चित्रण झाले नाही त्यांचे हात आज आपल्याला जवळजवळ अज्ञात आहेत. त्यांची वाद्ये दुरुस्त होऊन पुन्हा वाजत आहेत. त्यांच्या पेडलांची रचना मोजून तशीच बांधता येते. त्यांच्या बोटांची रचना बांधून देणारा कारागीर कोठे मिळणार?

बडी एमन्स २०१५ मध्ये निवर्तले, बड आयझॅक्स २०१६ मध्ये. ज्या पिढीने हा हात घडविला ती झपाट्याने मागे सरत आहे. सुदैवाने तिच्या अखेरच्या काळातील चित्रणे उपलब्ध आहेत आणि शिकणारे ती बारकाईने पाहतात. या चित्रणांचा उपयोग केवळ शिकण्यासाठी न होता इतिहासाचे साधन म्हणूनही झाला पाहिजे. कोणी कोणती पकड कोणत्या वर्षी घेतली, कोणाच्या हातून ती कोणाकडे गेली, मुंबई-कलकत्त्याच्या वादकांनी तीच बोटे कशी वळविली, याची वाद्यांच्या पेटंटांइतकीच काळजीने मांडणी होणे आवश्यक आहे. ते काम वादकांनी आणि अभ्यासकांनी मिळून करावयाचे आहे. तोवर सामान्य श्रोत्याने एवढे करावे: पेडल स्टीलचे गीत लागले तर चढणाऱ्या आणि घसरणाऱ्या स्वरांचा आनंद तर घ्यावाच, पण एक स्वरसंघ संपून दुसरा सुरू होण्यापूर्वी जो निमिषमात्र निःशब्द अवकाश येतो, त्याकडेही कान द्यावा. तो आपोआप पडत नाही. कोणाचा तरी हात तेथे अचूक वेळी तारांवर टेकलेला असतो.